एका पत्त्यावरची सात पत्रं

"ज्या पोरीचा फारम सगळ्यात शेवटी गेला, तिचाच नंबर लागला बघा," बाहेरच्या बाकावरची बाई म्हणाली.

"तसं नका म्हनू वैनी," शेजारची ओशाळून म्हणाली. "सगळ्या पोरींचे फारम एकाच दुकानातून गेले. मला काय म्हाईत असं व्हईल?"

"तुमाला न्हाई बोलत मी. पन माझ्या पोरीला मार्क जास्त हायेत का न्हाई, तुमीच सांगा. अन् हॉस्टेल न्हाई मिळालं तर कॉलेज बी न्हाई, तिच्या बापानं सांगून टाकलंय."

मी खिडकीच्या काचेअलीकडे कॉम्प्युटरसमोर बसले होते. नगरमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या कार्यालयात मी तेव्हा नोकरी करत होते, आणि त्या दिवशी प्रवेशाच्या मुलाखती होत्या. दोघी काष्टीहून आल्या होत्या. एकीच्या मुलीची मुलाखत झाली होती. दुसरीच्या मुलीचं नाव बोलावण्याच्या यादीतच नव्हतं, म्हणून ती चौकशीला आली होती. "तुमचा अर्ज आलेलाच नाही, ताई," असं आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे कार्यालयातल्या जुन्या कारकुनांनी, तिला सकाळीच सांगितलं होतं.

"माझ्यासमोर पाठवलाय की त्या दुकानवाल्या बाईनं."

"आता कॉम्प्युटर बघतो सगळं. अन् कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई. काय मॅडम?" भाऊसाहेब माझ्याकडे बघून हसले होते. मी नेहमीसारखी नुसती मान हलवली होती. तरीही ती बाई बाकावरून उठली नव्हती.

शेवटच्या अर्जाबद्दलचं तिचं बोलणं ऐकलं आणि माझा हात माउसवरच थांबला.

अर्ज ई-मेलने मागवायचे ही कल्पना रेक्टर मॅडमची होती. ते वाचून तक्ता करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. ई-मेल पडद्यावर दिसतो तसा मुळात नसतो. मुळात तो एक लांबलचक मजकूर असतो. वर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय, मग एक कोरी ओळ, आणि त्याखाली पत्र. जोडलेली गुणपत्रिका आणि फोटोसुद्धा त्याच मजकुरात येतात, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या न संपणाऱ्या ओळी होऊन. देवनागरीत लिहिलेला विषयही तसाच येतो, अजिबात न वाचता येणारा. हे सगळं उलगडून देणारी एक लायब्ररी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं, आपल्याला वापरता येणारं काम. तिने त्या गिचमिडीतून 'वसतिगृह प्रवेशासाठी अर्ज' हे शब्द पहिल्यांदा स्वच्छ काढून दिले, तेव्हा मी एकटीच हसले होते.

मला तिची आणखी एक गोष्ट फार आवडायची. एखादं पत्र अर्धवट आलं, त्यातली एखादी खूण गळाली, तरी ती अडून बसत नाही. जेवढं कळतं तेवढं वाचते, काय उणं आहे ते बाजूला टिपून ठेवते आणि पुढे जाते. हे कुणी लिहिलं असेल, त्यांना किती वेडीवाकडी पत्रं बघावी लागली असतील, असं मला वाटायचं. मला माणसांशी बोलताना हे जमत नाही. समोरच्याचं एक वाक्य अडलं की मी गप्प होते.

पण वाचलेल्यातलं काय ठेवायचं, हे लायब्ररी ठरवत नव्हती. ते मी लिहिलेल्या सात-आठ ओळी ठरवत होत्या. लोक घाईत अर्ज पाठवतात, चूक लक्षात आली की दुरुस्त करून पुन्हा पाठवतात. म्हणून मी नियम केला होता की एका पत्त्यावरून बरेच अर्ज आले तर शेवटचा धरायचा, आधीचे सोडून द्यायचे. माझ्या इंग्रजी शाळेत आठवीतच प्रत्येकीला स्वतःचा ई-मेल पत्ता मिळाला होता. एक पत्ता म्हणजे एक माणूस, याबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती.

मी मूळ इनबॉक्स उघडून काष्टीच्या त्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता शोधला. सात पत्रं होती, सात मुलींची. माझ्या तक्त्यात एकच होती.

दुकान चालवणाऱ्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांची पत्रं मात्र मी त्या दिवशी एकेक करून वाचली. प्रत्येकीचं नाव विषयात, जोडलेल्या प्रत्येक कागदाला तिचंच नाव. सातांपैकी एकीचीही गुणपत्रिका दुसरीला गेली नव्हती. वेळा पाहिल्या, तर सगळी पत्रं बाजाराच्या दिवशी दुपारी गेलेली, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसणार तेव्हा. आणि तरी प्रत्येक पत्रात त्या मुलीपुरत्या वेगळ्या दोन ओळी होत्या. "मुलीकडे फोन नाही. दुकानाच्या नंबरवर कळवावे, मी निरोप पोचवते." "फोटो जुना आहे. आता उंच झाली आहे, पण तीच आहे." चौकशीला आलेल्या त्या बाईंच्या मुलीच्या पत्रात होतं, "हिने फॉर्म स्वतः भरला, मी फक्त पाठवला. दोनदा तपासला, चूक सापडली नाही."

मलाही सापडली नाही.

बोलायचं टाळण्यासाठी मी मला येतं ते केलं. रेक्टर मॅडमना ई-मेल लिहिला. चांगला लिहिला, मुद्देसूद, सातही अर्ज जोडून. त्याच लायब्ररीने माझं मराठी त्या न वाचता येणाऱ्या ओळींत बांधलं आणि तो गेला. मिनिटभरात तो माझ्याच पडद्यावर उतरला, तक्त्यात नवी ओळ होऊन. मॅडमचा पत्ता म्हणजे कार्यालयाचाच पत्ता, आणि त्यावरचं प्रत्येक पत्र माझाच प्रोग्रॅम वाचायचा. मॅडम फक्त मी छापून दिलेला कागद वाचायच्या. आणि तो कागद तर भाऊसाहेब सकाळीच आत घेऊन गेले होते.

"चला, अध्यक्ष निघायचं म्हणतायत," भाऊसाहेब बाहेर येऊन म्हणाले. "सही झाली की प्रवेशाची यादी लावून टाकू."

मी उठले. ते म्हणाले, "काय मॅडम, चहा सांगू का?" मी नाही म्हणाले आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. या खोलीत मी याआधी फक्त प्रिंटरचा कागद बदलायला गेले होते.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलेलं होतं. "ये, ये," ते म्हणाले. "हिच्यामुळं यंदा यादी एका दिवसात झाली बरं का मॅडम. नाहीतर आपले भाऊसाहेब अजून पाकिटंच फोडत बसले असते."

रेक्टर मॅडम हसल्या. दारात उभे असलेले भाऊसाहेबही हसले, पण खाली बघून. दार उघडंच राहिलं होतं, आणि त्यातून बाकाचं एक टोक आणि त्या बाईंच्या मांडीवरची प्लॅस्टिकची फाईल दिसत होती.

मी म्हणाले, "सर, सही करू नका. यादी चुकलीय, आणि ती माझ्या प्रोग्रॅममुळे चुकलीय. एका पत्त्यावरून आलेले सगळे अर्ज मी एकाच मुलीचे धरले. काष्टीच्या सहा मुलींचे अर्ज वेळेत आलेत, पूर्ण आलेत, मी आत्ता वाचलेत. आणखी कुठल्या गावचे राहिले असतील ते मी आणि भाऊसाहेब मिळून हाताने तपासतो. एकीची आई सकाळपासून बाहेर बसलीय. तिला अर्ज आलेला नाही म्हणून सांगितलंय. आधी तिला आत बोलवा."