दक्षता पथकासमोर वाघ

सांगतो, पण मधे हसायचं नाही. शेवटी हसा, सगळेच हसतात. अहो, खरा माणूस असून मी स्वतःला खोटा ठरवायला निघालो होतो. तेही स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चानं!

झालं असं, की आमच्या लेकीला, वैशूला, मेडिकलला प्रवेश मिळाला. आमच्या पाड्यातली पहिली डॉक्टर! सातपूरला माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, तिथं मी रस्त्यावरच्या माणसांना थांबवून थांबवून पेढे दिले. एकजण तर पत्ता विचारायला आला होता, त्यालाही दोन.

पण प्रवेश होता तात्पुरता. आम्ही सुरगाण्याकडचे कोकणा, आदिवासी. राखीव जागा आणि फीमाफी पक्की व्हायची, तर जातीच्या दाखल्याची पडताळणी होऊन व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, हातात यायला हवी. ती नाही आली की सीट गेली, आणि फी अंगावर. मेडिकलची फी हो! दुकान, दुकानातल्या मोटरी आणि मी, असं सगळं एकत्र विकलं तरी निघाली नसती.

तसं घाबरायचं काही कारण नव्हतं. आम्ही खरेच. आजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात जातीसकट आहे. आजोबा शाळेत फारसे गेले नाहीत, पण नाव घालायला गेले होते एवढं नक्की.

घाबरवलं ते शेजारच्या टायरवाल्या रवीअण्णानं.

"गावित, पडताळणीला दक्षता पथक घरी येतं बरं का! देव कोणता, लग्न कसं लावता, मयताला काय करता, सगळं विचारतात. शिवाय घरात बघतात."

"काय बघतात?"

"तू आदिवासी वाटतोस का ते. आणि राग नको मानू, तू नाही वाटत."

"मग कोणासारखा वाटतो?"

"मोटर वायंडिंगवाल्यासारखा!"

झालं! किडा डोक्यात शिरला. तरुणपणी पाडा सोडला तो नाशकातच राहिलो. गावच्या देवाला जातो, पण मोटारसायकलवर जातो आणि संध्याकाळच्या आत परत. आता वाटण्यापुरतं आदिवासीपण आणायचं कुठून?

तुम्ही असता तर गावी जाऊन आमच्या भावकीतल्या धर्माकाकाला विचारलं असतं. मी गेलो ड्रेपरीवाल्याकडं! शाळेच्या गॅदरिंगला पोरांचे कपडे भाड्यानं देतो ना, तो. धनुष्यबाण आणला, कवड्यांची माळ आणली, मोरपिसांचा मुकुट आणला. मॉलमधून वारली चित्र छापलेला चहाचा ट्रे आणून भिंतीवर टांगला. टीव्हीवर गोधडी टाकली. सोफा उचलून समोरच्या पगारकाकांच्या हॉलमध्ये ठेवला.

"आपल्यात कोणी मोरपिसं लावली होती कधी?" सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, विचारलं. तीही सुरगाण्याचीच. "विचारतील ते खरं सांगा की!"

"आणि खरं पुरलं नाही तर?"

"बाबा, प्लीज," वैशू म्हणाली. "निदान मुकुट तरी नको."

मुकुट काढला. माळ ठेवली.

शनिवारी सकाळी पथक आलं. एक साहेब, एक मॅडम. दोघं सतरंजीवर बसले. साहेबांना खाली बसायला जरा त्रासच झाला, तेव्हा मला सोफ्याची आठवण आली.

"वाघबारशीला काय करता?" मॅडमनी विचारलं.

आता याचं खरं उत्तर मला येत होतं! लहानपणी आम्ही गुरं वळणारी पोरं घरोघर फिरून तांदूळ गोळा करायचो. रानात वाघदेवासमोर भात शिजवायचा आणि तिथंच खायचा. आमच्यातलाच एकजण वाघ व्हायचा आणि बाकीचे त्याला पळवून लावायचे. सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण मेडिकलच्या सीटपुढं मला ते फारच किरकोळ वाटलं.

"मॅडम, आम्ही वाघाला जेवायला बोलावतो," मी म्हणालो.

"येतो?"

"पूर्वी यायचा. हल्ली त्याला जमत नाही."

मॅडमचं पेन थांबलं. साहेब खाकरले. "बरं, लग्नात काय पद्धत आहे?"

"नवरदेवानं बाण मारून आंबा पाडायचा. आंबा पडला तरच लग्न!"

"तुमच्या लग्नात पडला?"

"एका बाणात तीन!"

"आमचं लग्न दिंडोरी रोडच्या मंगल कार्यालयात झालं," आतून सुनंदाचा आवाज आला. "आणि आंब्याचे दिवसच नव्हते."

साहेबांनी भिंतीवरच्या धनुष्याकडं पाहिलं. "चालवता येतं?"

आता माघार कशी घेणार? उठलो, दोरी ताणली, बाण सोडला. त्याच्या टोकाला रबराची टोपी होती. तो जाऊन गोधडीवर आपटला, गोधडी सुळकन खाली आली, आणि तो एवढा थोरला टीव्ही आमच्याकडं बघायला लागला.

लक्ष दुसरीकडं वळवायला हवं होतं. मग मी काय केलं? मी वाघ झालो! दोन्ही हात जमिनीवर टेकले, माळ लोंबकळत होती, आणि साहेबांभोवती गुरगुरत एक फेरी मारली. दुसरी अर्धी झाली असेल, तेवढ्यात दारात पगारकाका.

"काय झालं यांना?"

"वाघ झालेत," सुनंदा म्हणाली.

"बरं. मग वाघाला म्हणावं, सोफा घेऊन जा आधी. आमच्याकडं दोन सोफे झालेत. बाथरूमला जायचं तर सोफ्यावर चढून उतरावं लागतं! तुमचं बरंय बाबा, कोट्यातून सगळं आयतं..."

"आयतं असतं तर आमचा सोफा तुमच्या घरात कशाला आला असता, काका?" सुनंदानं सुनावलं.

काका निघून गेले. साहेब मात्र सतरंजीवरून उठता उठता माझ्याकडं असं बघत होते की काय सांगू! "सोफा होता?"

मॅडमनी फाइल मिटली. "आम्ही गावी जाऊन चौकशी करू."

पथक गेलं. मी तसाच, गळ्यात माळ. वैशू समोर येऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, आपण खरे आहोत ना?"

"हो गं."

"मग आज मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?"

माळ काढून पिशवीत टाकली. त्या दिवसापासून दुकानात ज्या मोटरीला हात लावीन ती जळायला लागली.

पुढं पडताळणी समितीसमोर सुनावणी लागली. मी वैशूच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, तोंड शिवल्यासारखा. त्याच मॅडम होत्या. म्हणाल्या, "गावित, तुमच्या धर्माकाकांना भेटून आलो. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"आधी बराच वेळ नुसते हसत होते. मग म्हणाले, यातला एक शब्दही खरा नाही."

वैशूनं माझा हात धरला, चांगला घट्ट.

"मी विचारलं, म्हणजे हा माणूस तुमच्या घरातला नाही?" मॅडमना आता हसू आवरेना. "तर उसळलेच की हो! म्हणाले, 'नाही कसा? आमनाच पोसा आहा तो, आमचाच पोरगा! त्याचा बाप असाच, आजा असाच. एवढ्या थापा आख्ख्या पाड्यात दुसऱ्या कोणत्या घरात मारतात, दाखवा बरं!' आणि तिथल्या तिथं तुमच्या पणज्यापर्यंत सगळी नावं सांगितली. शाळेच्या नोंदींशी एकूण एक जुळली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे कागद पहिल्या दिवसापासून चोख होते. तुम्ही नुसता चहा दिला असता, तरी काम झालं असतं."

वैशूची व्हॅलिडिटी आली. सीट पक्की झाली, फी माफ झाली. हल्ली सुट्टीत घरी आली, की माझ्या गप्पांना बसते. मी जरा रंगात येऊन काहीतरी वाढवून सांगायला लागलो की पोरगी माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते,

"बाबा, दमानं घ्या. तुमची पडताळणी झालेली आहे."