नाळेवरची चांदणी

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात फायबरचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, बसस्टॉपची छपरं. सत्तावीस वर्षं झाली, अंगाची खाज काही गेलेली नाही. घर मात्र अंधेरीच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या तोंडाशी, कोळीवाड्यात. कोळ्याच्या पोराने समुद्र सोडून टाक्या बनवाव्यात हे बाबांच्या कधी पचनी पडलं नाही. पाहुण्यांना ते माझी ओळख ‘हा प्लॅस्टिकवाला’ अशी करून द्यायचे आणि लगेच दादाविषयी बोलायला लागायचे. दादा होडी चालवायचा.

ती होडीही फायबरचीच होती, हे बाबा सोयीस्कर विसरायचे. लाकडाची मोडीत निघाल्यावर त्यांनी कुणाची तरी वापरलेली, उन्हात पिवळी पडलेली होडी घेतली होती. बाकी सगळे रिवाज लाकडी होडीचेच चालू राहिले. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हळदकुंकू त्याच जागी, हार त्याच जागी.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात होडी वाळूवर ताडपत्रीखाली होती. बाबांना नाळेवर तडे दिसले आणि त्यांनी मला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा. आता खोटं कशाला बोलू, मी हवेत होतो. गाळ्यातून शाईची बाटली, फडकं आणि ग्राइंडर घेऊन गेलो. चार शेजारी जमले होते, त्याचंही बरं वाटलं.

फायबरच्या वर जेलकोटचा चकचकीत थर असतो. दिसायला रंगासारखा, पण कडक. खालचं अंग लवलं की तो लवत नाही, तडकतो. तडे एकाशेजारी एक सरळ गेले असतील तर खालचा आधार ढिला झालाय असं समजायचं. एका जागेवरून चहूकडे फुटले असतील तर तिथे मार बसलाय. मी शाई चोळली, पुसली, आणि नाळेवर निळी चांदणी उमटली. नाण्याने ठोकून बघितलं, मधोमध आवाज बद्द येत होता. मी उभा राहिलो आणि डॉक्टरसारखा निकाल दिला, की हिला जबर मार लागलाय.

कशाचा, असं बाबांनी विचारलं. मी म्हणालो, जेटीचा.

कारण त्या उन्हाळ्यात भरतीच्या ओढीत दादाने होडी जेटीला घासली होती. लपवलं नव्हतं, घरी येऊन स्वतःच सांगितलं होतं. बाजूला ओरखडेही होते. सगळं कसं जुळत होतं. दादा पाच हातांवर बसून जाळं शिवत होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुई चालवायला लागला. मला ते अपराध्याचं गप्प बसणं वाटलं, आणि आतून गोडही वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

माझ्या उस्तादाने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की तडकलेल्या मालाला हात लावण्याआधी तो वापरणाऱ्याला बोलाव आणि काय झालं ते विचार. परक्या गिऱ्हाइकांना मी हे न चुकता विचारतो. सख्ख्या भावाला नाही विचारलं.

बाबांनी त्याच आठवड्यात सुकाणू दादाकडून काढून घेतलं. होडी चालवायला बाहेरचा तांडेल ठेवला. घरच्या होडीवर त्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा दादा खाडीपलीकडे मढच्या एका होडीवर खलाशी म्हणून गेला. स्वतःची होडी दारात असताना माणूस दुसऱ्याची जाळी ओढतो, याला कोळीवाड्यात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दुरुस्ती मात्र झकास केली. तडे ग्राइंडरने खणून काढले, आतलं पांढरं पडलेलं फायबर खरवडलं, काचतंतूंची नवीन मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवली. हवा इतकी ओली होती की जागा सुकेना, तेव्हा वहिनीकडून केस सुकवायचा ड्रायर मागून आणला. नवरा घराबाहेर पडून तीन दिवस झाले होते, तरी तिने तो दिला. वर जेलकोट लावून प्लॅस्टिकने झाकला, कारण उघड्या हवेत त्याची वरची बाजू चिकटच राहते. रंग काही जुळला नाही. पिवळ्या होडीवर पांढरं ठिगळ दिसत राहिलं.

नारळी पौर्णिमेला बाबांनी पूजा केली. मग शेंडीचा नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि नाळेवर आपटला. बरोब्बर ठिगळावर. नारळ फुटला, पाणी वाहिलं, लोकांनी हात जोडले. पण नारळाच्या आवाजामागे मला दुसरा बारीक आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी शाई चोळली. तीच चांदणी, लहान, ताजी, निळी.

तेव्हा कुठे अक्कल ठिकाणावर आली. तडे नाळेच्या वरच्या अंगाला होते. जेटी काय आभाळातून पडते? काही तड्यांत वर्षानुवर्षांची काळी घाण बसली होती, तीही मी पाहिली होती आणि पुसून टाकली होती. बाबा लाकडाच्या नाळेवर चाळीस वर्षं नारळ फोडत आले. लाकडाने ते सोसलं. फायबरने नाही सोसलं, आणि नेमकं हेच मला कळायला हवं होतं. त्यासाठीच तर मी प्लॅस्टिकवाला होतो.

मी बाबांना सांगितलं नाही. त्यांच्या नारळाला दोष द्यायची हिंमत नव्हती, आणि माझा निकाल चुकला हे कबूल करायची तर मुळीच नव्हती. पॉलिश करतो म्हणून दर नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी जायचो आणि नवी चांदणी बुजवायचो. चार वर्षं. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, धाकट्याने हात लावल्यापासून होडीला काही झालं नाही. एवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं, आणि ते कडू लागायचं.

बाबा गेल्या थंडीत गेले. यंदा होडी वाळूवर आल्यावर मी दादाला बोलावलं. ताडपत्री बाजूला केली आणि सगळं सांगून टाकलं. नारळाचं, जेटीचं, चार रविवारांचं. म्हटलं, चूक माझी होती, होडी तुझी आहे, घे. त्याने ठिगळावरून अंगठा फिरवला.

“मना म्हाईत होता,” तो म्हणाला. “दर वर्साला होडी मीच धुवायचो. पौर्णिमा झाली का नवी रेघ दिसायची.”

मग तेव्हाच का बोलला नाहीस, असं मी विचारलं.

“बाबांना काय सांगू, तुमच्या नारलानं होडी फुटते? त्यांचा जीवच गेला असता.” त्याने ताडपत्री पुन्हा ओढून घेतली आणि तिची दोरी बांधायला लागला. “तुला सांगितला असता. मी तितंच बसलो होतो. तू इचारलासच नाय.”

गाठ पक्की झाली आहे का ते त्याने ओढून बघितलं, आणि मढच्या फेरीबोटीकडे चालत गेला.