डॉक्टरांचा अंगठा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भिवपुरी स्टेशनाबाहेर भाजी घेत होतो. "मामा, आपले रऊफ डॉक्टर गेले..." भेंडी तशीच टोपलीत टाकली आणि डॉक्टरांच्या घरी, खालापूरची वाट धरली. महिना उलटला, तरी कुणी उजव्या खांद्यावर हात ठेवला की वाटतं, डॉक्टरच आले.

कशेळ्याला कबड्डी खेळताना मी खांद्यावर आपटलो, तेव्हाची ही ओळख. सांधा सुटून हाडाचं टोक वर आलेलं. दाबलं की भजनाच्या पेटीच्या पट्टीसारखं खाली जायचं, सोडलं की पुन्हा वर! "आतले बंध तुटलेत रं," डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून दोरीनं आवळायला लागंल, बाजेची दोरी आवळतात तसं." आईला काळजी वेगळीच. गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घरचा. "पोरगा पालखी उचलंल ना?" तिनं विचारलं. "आई, पालखी काय, मला पन उचलंल!" डॉक्टर अंगानं चांगले भरलेले. रडता रडता आई हसली.

खांदा बरा झाला, पण मेली भीती काही जाईना. दरवर्षी मी दांडा डाव्या खांद्यावर घ्यायचो. बाजू बदलायची वेळ आली की मी अडून राहायचो, दांड्याखालून माझ्या बाजूला येणाऱ्याच्या डोक्याला माझं डोकं आपटायचं, शिव्या बसायच्या. डॉक्टर न चुकता पालखीला यायचे. आल्या आल्या अंगठ्यानं ते हाड दाबायचे. "हाललं? नाय ना? मंग माज्या टाक्यांवर भरवसा नाय काय तुजा?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी, डॉक्टर." फार जीव होता हो त्यांचा माझ्यावर, आणि माझा त्यांच्यावर.

त्यांच्या जनाज्यालाही माणसं आमच्या पालखीसारखीच खांदे बदलत होती. सवयीनं मी डावा खांदा पुढे केला... आणि आईला दिलेला त्यांचा शब्द आठवला. वळसा घालून पलीकडे गेलो, उजवा दिला. इतक्या वर्षांत त्या खांद्यावरचं पहिलं ओझं. जड होतं. पण हाड तसूभर हाललं नाही. "उचललं हो डॉक्टर तुमाला," मी पुटपुटलो आणि भर रस्त्यात ढसाढसा रडलो.

परवा गावची पालखी निघाली. मी दांड्यापाशी जाऊन उगाच थांबलो. "घे की रं, कुनाची वाट बघतो?" मागून कुणीतरी ओरडलं. मग मीच डाव्या हाताच्या अंगठ्यानं हाड दाबून बघितलं, आणि दांडा उजव्या खांद्यावर घेतला.