ओल्या मालाचा कडता

आमच्या घाटंजीत पैलवानाची पत तो कशावर खेळतो त्यावरून ठरायची. पोरंटोरं रेवड्यांवर खेळत. त्यांच्या वर नारळाची कुस्ती, नारळाच्या वर फेट्याची आणि सगळ्यांच्या वर चांदीच्या कड्याची. मी लग्नाच्या वयाला आलो तरी नारळावरच अडकलो होतो. बाजारात मला ‘नारळ्या’ म्हणूनच हाक यायची. मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या काकानं आधी विचारलं, “हे नारळवालेच का?”

त्या वर्षी जत्रेच्या दंगलीत नवे नियम आले. शाळेचे ड्रिल मास्तर कुठल्याशा शिबिरातून ते शिकून आले होते. आजवर पंच नुसत्या नजरेनं जोड लावायचे. आता वजन करून हलका, मधला आणि भारी असे गट. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे कायम. पण कोणाचीच टेकली नाही, तर डावांचे गुण मोजायचे. प्रत्येक गटात जिंकणाऱ्याला फेटा. हे शेवटचं तेवढं मी मन लावून ऐकलं.

आमच्या तालमीचे उस्ताद सायकली दुरुस्त करत. ते म्हणाले, “हलक्या गटात घुस, बेटा. तिथं साऱ्या तुराट्याच हायेत. फेटा तुहाच.”

मी भाकरी अर्ध्यावर आणली, दूध तोडलं, आणि वजनाच्या दिवशी घोंगडी पांघरून गावाबाहेर पळत सुटलो. वजन होतं जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर. एका पारड्यात पैलवान, दुसऱ्यात नवी किलोची वजनं, आणि शेजारी रोज कापूस तोलणारा मापारी. मी घामानं निथळत पारड्यात बसलो. थोडक्यासाठी मधल्या गटात जात होतो. तेवढ्यात मला अक्कल सुचली.

“मामा, माल ओला हाय,” मी मापाऱ्याला म्हटलं. “ओल्या कापसाले कडता लावता, मंग मले काहून नाही?”

मापाऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, कापसाची ओल पाहतात तशी बोटं चोळली. “हाय ओला,” म्हणाला, आणि सवयीनं वजनातून थोडं कापून मोकळा झाला.

मास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. वजन करणाऱ्याचा शब्द अखेरचा, असं त्यात निघालं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण एकाला जो नियम, तो सगळ्यांना.”

माझ्या मागे महागावचा एक पैलवान उभा होता. उघड उघड मधल्या गटाचा. मान आणि खांदे वेगळे ओळखू येत नव्हते. तो रांग सोडून जिनाच्या हौदाकडे गेला आणि लंगोटासकट आत बसला. परत आला तेव्हा मापाऱ्यानं त्याला हातही लावला नाही. “हा तं गच्च भिजला हाय,” म्हणत भरघोस कडता लावला. पैलवान हलक्या गटात आला, आणि माझाच जोडीदार झाला.

उस्ताद कपाळाला हात लावून बसले. “जबान काहून उघडली बे?”

“तुमीच म्हनलं ना, घुस म्हून.”

“तुले म्हनलं होतं. त्याले बी संग घिऊन ये म्हनलं होतं का?”

हात मिळवला की माघार नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मिळवला. पुढच्याच क्षणाला मी हवेत होतो. पडता पडता कसाबसा पालथा झालो आणि मातीला पालीसारखा चिकटलो. तो उचलायचा, आपटायचा. मी पुन्हा पालथा. पाठ लागली नाही म्हणजे हरलो नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. बरोबरीत सुटली तरी फेट्याचा पैलवान म्हणून नाव होईल, या हिशेबानं मी मोठ्या समाधानात पडून होतो. शिट्टी वाजली तसा उठलो, शड्डू ठोकला आणि हात वर करून आखाड्याला फेरी मारली. लोक पोट धरून हसत होते. मास्तरांनी हात उंचावला तो त्याचा.

“मी चीत कुठं झालो?” मी विचारलं.

“गुण,” मास्तर म्हणाले. “त्याचे मोजता मोजता माझी बोटं संपली. तुमच्यासाठी एकही उघडावं लागलं नाही.”

हरलेल्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, ही जुनी रीत मात्र मास्तरांनी पाळली. मला नारळ दिला. गर्दीत मुलीचा काका होता. शेजाऱ्याला म्हणाला, “हो, तेच हायेत.”

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तालमीत तो नारळ फोडला आणि अख्खं खोबरं माझ्यापुढे सरकवलं. “खाय. दूध बी चालू कर. पुढच्या साली मधल्या गटात खेळ.”

“मधल्यात? तिथं तं सारे दांडगे असतीन.”

“कोनी नसन,” उस्ताद म्हणाले. “सारे हौदात बसून हलक्यात येतीन.”