राजपुत्राच्या चित्रातले बैल

मूर्तिजापूरच्या काकूने ऑनलाइन मागवून बैठकीत एक चित्र लावलं. जुन्या कोरीव ठशावरून छापलेलं: इंग्रज राजपुत्राची स्वारी, हत्ती, वाकलेली माणसं. शेतकरी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेला मी भडकलोच.

"काकू, शेतकऱ्याच्या घरात हा राजपुत्र कशाला? उतरवतो मी."

"हात तं लावून पाह्य! त्या गोऱ्याले कोन पाहून राहिलं? मी बैलांसाठी घेतलं."

कोपऱ्यात सामानाच्या गाडीला खरंच एक बैलजोडी होती. काकूचा गोठा ट्रॅक्टर आल्यापासून रिकामा. पोळ्याला तिने काचेवरूनच त्या बैलांना कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला.

"अन् राजपुत्राले?" मी विचारलं.

"त्यानं कधी वखर वढला काय?"

चित्राचा खिळा सैल होता. तो मीच ठोकून पक्का केला.