साळवे सरांचं ताट

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आमची मंडळी सकाळपासून उपाशी राहते आणि दुपारी चर्चमध्ये एकत्र प्रार्थनेला बसते. त्या वर्षी सलग तीन शुक्रवार आम्ही साळवे सरांच्या आजारी पत्नीसाठी मागणं केलं. चौथा शुक्रवार यायच्या आतच त्या गेल्या.

त्या चौथ्या शुक्रवारी सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले, शेवटच्या बाकावर बसले. पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा उठून म्हणाले, "माझ्यासाठी तुम्हीच करा. माझ्या तोंडून आता शब्द निघत नाही."

पाळकांच्या पत्नी त्यांच्याजवळ गेल्या. "सर, शेवटचं कधी जेवलात?"

सरांना आठवेना.

त्या शेजारच्या आपल्या घरातून गरम वरणभात घेऊन आल्या. "आज तुम्ही उपास धरायचा नाही. तुमच्या वाटचा आम्ही धरू."

सर संकोचले. मग मांडीवर ताट घेऊन सावकाश जेवू लागले. आम्ही माना खाली घालून प्रार्थना करत राहिलो. भाताचा वास येत होता. एकत्र उपास म्हणजे सगळ्यांनी उपाशी राहायचं, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. एकाला जेवता यावं म्हणूनही उपाशी बसता येतं, हे त्या दुपारी कळलं.

पाळकांनी 'आमेन' म्हणायला बराच वेळ लावला. सरांचा भात अजून संपायचा होता.