शेटफळच्या तलावात सहा भोपळे

जायचं ठरवलं ते दिनकरभावोजींनी. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. कारण काही फार मोठं नव्हतं, मी दमले होते.

हल्ली इंदापूरकडे जाणारे लोक मला उजनीच्या पाण्याबद्दल विचारतात, म्हणून ही जुनी सहल लिहायला घेतली. तेव्हा उजनीचं धरण नव्हतं. पन्नासच्या दशकाचा शेवट होता आणि आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. हे फौजेत इंजिनिअर होते. प्रशिक्षणासाठी विलायतेला गेले तेव्हा तिथे मोटारबोटीच्या मागे, दोराला धरून, पायात लाकडी फळ्या अडकवून पाण्यावरून घसरत जायचा खेळ शिकून आले होते. त्यातही यांना एकाच फळीवरचा प्रकार आवडे. पाण्यात सहा तरंगत्या खुणा ठेवायच्या, बोट मधून सरळ जाते आणि मागच्या माणसाने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून त्यांना वळसा घालायचा. मग एका घाटात यांची जीप उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष मी शाळेत शिकवत होते, घर बघत होते आणि न बोलणाऱ्या माणसाशी बोलत होते. लाकडी पाय करून आणला होता, तो हे लावत नसत. खिडकीपाशी बसून असत. फौजेने कचेरीतलं काम देऊ केलं होतं, त्यावर हो नाही आणि नाहीही नाही. दिनकरभावोजी यांचे शाळेपासूनचे मित्र, त्यांचं पुण्यात गॅरेज. एका संध्याकाळी ते येऊन म्हणाले, "एका फळीला पाय तरी किती लागतात रे? पुढे एक. मागचा नुसता तोलाला." मी स्वयंपाकघरात होते. मग यांचा आवाज आला, "बघायला कोणी नको."

पुण्याजवळच्या पाण्यावर माणसं जमणारच. शेटफळचा तलाव भावोजींना माहीत होता. निरेच्या कालव्याच्या पाण्याने भरणारा, भोवती शेतं आणि थोडी वस्ती.

नाताळच्या सुट्टीत निघालो. फौजेने लिलावात काढलेली डिस्पोजलमधली जीप, मागे दोन चाकांच्या गाड्यावर भावोजींनी स्वतः बांधलेली प्लायवूडची बोट, तिच्या पाठीला लावायचं पस्तीस घोड्यांचं इंजिन पोत्यात गुंडाळलेलं. सोलापूर रस्ता चौफुल्यापर्यंत बरा होता. तिथून सुप्याकडे वळलो आणि हाडं खिळखिळी झाली. दोन्हीकडे खुरटी ज्वारी, बाभळी आणि नुसता फुफाटा. दर थोड्या वेळाने उतरून बोटीचे दोर आवळायचे. सुप्याच्या बाजारात चहाला थांबलो तर एक म्हातारा बोटीभोवती फिरून आला आणि मला म्हणाला, "हितं प्यायला पानी न्हाय, आन् तुमी होडी आनली व्हय?" भावोजी खूप हसले. हे जीपमधून उतरलेच नाहीत.

बारामतीला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. स्टेशनजवळच्या खाणावळीत बारा आण्यांत पोटभर जेवण मिळालं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर गुळाचा खडा. कुबड्या घेऊन आत येताना सगळी खाणावळ यांच्याकडे बघत होती. यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी दोन खाल्ल्या, मला लाज वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काटेवाडी, सणसर करत पुढे गेलो. कालवा आला की देशच बदलतो हे तिथे डोळ्यांनी दिसतं. ऊस, मळे, गुऱ्हाळाचा गोड धूर. या रस्त्याने कुणी हिवाळ्यात गेलं तर सणसरच्या अलीकडे पलीकडे कुठेही थांबून ताजा रस प्यावा, आमच्या वेळी तो कुणी विकत देत नसे, हातात तांब्याच ठेवत.

तलावाच्या काठी आबांचा मळा होता. आबा म्हणजे साठीचे, बुटके, कायम डोक्याला पटका. कोबी आणि वांगी इंदापूरच्या बाजाराला पाठवायचे. भावोजींनी त्यांच्या पंपाचं इंजिन कधीतरी दुरुस्त करून दिलं होतं, तेवढ्या ओळखीवर त्यांनी गोठ्याशेजारची खोली आम्हाला झाडून दिली. आबांच्या बायकोने सगळं समजावून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "नवऱ्याला दोरीला बांदून वडायचं, ह्ये कसलं औषिद म्हनायचं बाई?"

खुणांसाठी आबांनी सहा वाळलेले भोपळे दिले, मुलांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात ते. त्यांना सुतळी आणि धोंडे बांधून आम्ही ते पाण्यात सोडले, तीन या अंगाला, तीन त्या.

पहिल्याच प्रयत्नात एक गोष्ट लक्षात आली. पाण्यात बसून सुरुवात करायची असते: गुडघा छातीशी, फळीचं टोक पाण्याबाहेर, हात सरळ आणि आपण ओढायचं नाही, बोटीला ओढू द्यायचं. पण यांना मागचा पाय नव्हता, म्हणून फळी एकसारखी कलंडायची. मागून कमरेला धरायला पाण्यात माणूस हवा होता. तो भावोजींशिवाय कोण? मग बोट कोण चालवणार?

"वहिनी चालवतील," भावोजी म्हणाले.

मी सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. लुगड्याचा पदर खोचला आणि बसले. पुढे चाक, उजव्या हाताशी वेग वाढवायचा दांडा. भावोजींनी एवढंच सांगितलं, "समोर तलावाच्या बांधाच्या भिंतीवर पांढरा दगड आहे ना, त्याच्यावरून नजर काढायची नाही. मागे काहीही होवो. आणि दांडा हिसका देऊन नाही, दुधाला ऊत येतो तसा वर न्यायचा."

दिवसभर मी ओढत राहिले. दांडा वर न्यायचे, बोट नाक उचलायची, मागचा भार वाढायचा आणि एकदम नाहीसा व्हायचा. म्हणजे हे पडले. वळून यायचं, दोर त्यांच्यापाशी न्यायचा, पुन्हा. फळीवरच्या रबराच्या पट्ट्यात पाय घट्ट बसवायला भावोजींना दर वेळी बुडी मारावी लागे. संध्याकाळी यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. माझा उजवा खांदा वर होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. मी दांडा वर नेला, भार आला, आणि या वेळी तो गेला नाही. मला वाटलं उभे राहिले! मी दगडाकडे बघत वेग वाढवला. भार विचित्र होता, जड, मेल्यासारखा. मग काठावरून ओरडणं ऐकू आलं. आबा पटका सोडून हवेत फिरवत होते. "थांब! बाई, थांब!"

मी दांडा खाली पाडला आणि मागे बघितलं. पाण्यावर कोणीच नव्हतं. पडल्यावर दोर सोडायचा असतो, यांनी तो सोडला नव्हता. पाण्याखालून ओढले जात होते. भावोजी हात मारत पोचले, मी बोट वळवली, दोघांनी मिळून यांना वर घेतलं. तोंड निळसर झालं होतं. पाणी ओकले, खोकले, डोळे उघडले.

"का नाही सोडलास?" भावोजी ओरडले. "का नाही सोडलास रे?"

"सोडला की पुन्हा पहिल्यापासून," हे म्हणाले.

भावोजींनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं. बास झालं म्हणाले, उद्या सकाळी परत. मी काठावर बसले. रडू येत नव्हतं, फक्त सगळं अंग जड झालं होतं, ओल्या पोत्यासारखं. आबांच्या बायकोने अंगावर घोंगडी टाकली आणि गरम दूध हातात दिलं. थोड्या वेळाने हे कुबड्यांवर माझ्यापाशी आले आणि शेजारी टेकले. ते स्वतःहून माझ्यापाशी येऊन बसल्याला किती महिने झाले होते ते मला आठवेना.

"उद्या एकदाच चालवशील का?" यांनी विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. "पडलो की सोडीन. शपथ."

मी हो म्हटलं. धैर्याने वगैरे नाही. नाही म्हणायला आणि मग त्यावर बोलत बसायला जास्त शक्ती लागली असती.

भावोजी एका फेरीला कसेबसे कबूल झाले, तेव्हा मी एकच अट घातली, मागे बघणारा माणूस बोटीत हवा. आबा तयार झाले. तलावाकाठी जन्म गेला होता, पण त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते घरातला आणखी एक भोपळा काखेत बांधून बोटीत माझ्याकडे पाठ करून बसले.

सकाळी पाण्यावर धुकं होतं, वारा नव्हता. मागून यांचा आवाज आला, "जाऊ दे!" मी दांडा सावकाश वर नेला. भार आला. जड झाला. आणि मग तो हलका झाला, पण गेला नाही.

"उठलं!" आबा ओरडले. "सायेब उठलं, बाई!"

"उभे आहेत?"

"एका पायावर! बगळ्यावानी!"

मी दगडाकडे बघत होते. तेवढ्यात बोटीचं शेपूट डावीकडे खेचलं गेलं. मला कळलं, हे बाहेर चालले. चाक घट्ट धरलं, दांडा किंचित वर.

"भोपळ्यापातुर गेलं... झोपलं जनू पान्यावर... वळलं! वळलं बगा!"

दोर एकदम सैल पडला, पुन्हा ताणला, आणि बोट उजवीकडे ओढली जाऊ लागली. माझे हात आपोआप आवरत होते. वर्षभर मी त्या माणसाचं ओझं उचलत होते. त्या सकाळी तेच वजन एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मला ओढत होतं आणि त्याला जोर होता.

"दुसरा बी गेला मागं!"

आणि मग मागून यांची आरोळी: "सरळ धर ना! कुठे बघतेयस?"

मी दगडाकडेच बघत होते, पण तो दिसत नव्हता, डोळे भरले होते. वर्षभरात हे माझ्यावर ओरडलेसुद्धा नव्हते.

तिसऱ्या भोपळ्याला पडले. दोर सोडला. आबा म्हणाले, "गेलं पान्यात. पन हसाय लागल्यात."

मी बोट वळवून नेली तेव्हा ते खरंच हसत होते. मला बघून थांबले. "अगं, का रडतेस?" म्हणाले. "दोन झाले."

"मला झोप आलीय," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

परतीच्या रस्त्यात मी झोपलेलीच होते. बारामती कधी गेलं, सुपे कधी गेलं, मला माहीत नाही. पुण्यात पोचल्यावर भावोजींनी उठवलं.

कुणी जाणार असेल तर शेटफळला पहाटे जावं, वारा सुटायच्या आत. आम्ही पुन्हा गेलो नाही. भावोजींनी पुढे बोट विकली, आणि यांनी सहाच्या सहा भोपळे कधीच पार केले नाहीत. त्या एका सकाळीने सगळं पालटलं असंही नाही. कचेरीचं काम घ्यायला पावसाळा उजाडला, आणि खिडकीपाशी बसायचे दिवस नंतरही आले. फक्त त्या दिवसांत मला भीती वाटेनाशी झाली.

पण घरी आल्यानंतरची पहिली सकाळ मला स्वच्छ आठवते. सुट्टी संपली होती, शाळा होती. मी जागी झाले तर ऊन भिंतीवर अर्ध्यापर्यंत आलेलं. धडपडत उठले. हे स्टोव्हपाशी स्टुलावर बसले होते, दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली.

"शेजारच्यांबरोबर शाळेत निरोप धाडलाय," म्हणाले. "तू येत नाहीस म्हणून. हा चहा घे."

चहा इतका उकळला होता की कडू झाला होता. मी तो सगळा प्यायले, कप खाली ठेवला आणि पुन्हा जाऊन झोपले.